कंपनीची काळी काच आणि वरून लावलेली फिल्म

एसयूव्हीच्या मागच्या काचा कंपनीतूनच काळ्या आलेल्या असतात आणि पुढच्या दोन जवळजवळ स्वच्छ. मालकाला ते डोळ्यांत खुपतं. तो टिंट लावणाऱ्याकडे येतो आणि म्हणतो, "पुढच्या दोन काचा मागच्यासारख्या करून द्या." ही मागणी ऐकायला साधी असली तरी बऱ्याच देशांत ती जशीच्या तशी पूर्ण करणं म्हणजे कायदा मोडणं असतं. त्यावर मालकाचा प्रश्नही ठरलेला असतो: कंपनीने मागे दिलंय ते चालतं, मग पुढे का नाही? कंपनीची काळी काच आणि वरून लावलेली फिल्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

कंपनीच्या काळ्या काचेत रंग काचेच्या अंगातच असतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात लोह, कोबाल्ट, सेलेनियम यांसारख्या मूलद्रव्यांची संयुगं मिसळतात. त्यामुळे असा रंग खरवडून निघत नाही, सोलता येत नाही आणि त्याला फुगेही येत नाहीत. फिल्म म्हणजे पॉलिस्टरचा पातळ थर. एका बाजूला गोंद, दुसऱ्या बाजूला ओरखडे झेलणारं लेपन आणि मध्ये रंगद्रव्य, धातू, कार्बन किंवा सिरॅमिकचे कण. ती काचेच्या आतल्या बाजूला बसते. दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर काच थोडी खाली करून वरची कड पाहा. फिल्म असेल तर कडेला बारीकशी मोकळी रेघ दिसते आणि तिथे नख अडकतं.

दोन्हींचा गडदपणा मोजायचं माप मात्र एकच: काचेतून आरपार जाणाऱ्या दृश्य प्रकाशाचा टक्का, म्हणजे व्हीएलटी. आकडा जितका लहान, तितकी काच काळी. हे उलटं माप आहे आणि गोंधळाची सुरुवात इथूनच होते. त्याहून मोठा गोंधळ पुढे होतो, कारण एकावर एक थर आले की टक्क्यांचा गुणाकार होतो. साधी वाटणारी पुढची काचसुद्धा शंभर टक्के पारदर्शक नसते. ती ७७ टक्के प्रकाश सोडत असेल आणि तिच्यावर ३५ टक्क्यांची फिल्म लावली, तर हाती २७ उरतात. जिथे मर्यादा ३५ आहे तिथे हीच गाडी तपासणीत अडकणार, आणि फिल्मच्या खोक्यावर ३५ छापलंय हे तिथे कुणी विचारात घेणार नाही. तपासणी करणारा काच आणि फिल्म मिळून येणारा आकडा वाचतो. म्हणून प्रकाश मोजणारं मीटर न लावता केवळ खोक्यावरच्या आकड्यावर काम घेणारा कारागीर ग्राहकाला अडचणीत टाकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

'मागच्यासारखं' हा शब्दही याच गुणाकारात फसतो. मागची कंपनीची काच २० टक्क्यांची आहे म्हणून पुढे २० ची फिल्म लावली, तर पुढची काच १५ वर येते, म्हणजे मागच्याहूनही काळी. शिवाय कंपनीच्या काचेला हिरवट किंवा करड्या रंगाची झाक असते आणि फिल्मचा काळा वेगळा असतो. उन्हात उभ्या गाडीवर हा फरक लगेच कळतो.

मग कंपनीला मागे एवढी सूट का मिळते? अमेरिकेचा नियम पाहिला की हे कळतं. तिथल्या केंद्रीय सुरक्षा मानक क्रमांक २०५ नुसार, चालकाला दिसण्यासाठी आवश्यक असलेल्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश जायला हवा. प्रवासी कारमध्ये सगळ्याच काचा या गटात मोडतात. एसयूव्ही, व्हॅन आणि पिकअपमध्ये मात्र चालकाच्या मागच्या काचा त्यातून सुटतात. म्हणून तिथे सेडान चारही बाजूंनी स्वच्छ येते आणि एसयूव्ही मागून काळी. सूट गाडीच्या वर्गाला आणि काचेच्या जागेला आहे, रंगाला नाही. पुढच्या दारापाशी ती संपते.

हे मानक कंपनीसाठी आहे. दुरुस्तीचा धंदा करणाऱ्याला गाडीतली अशी सुरक्षेची सोय जाणूनबुजून निकामी करायला तिथला केंद्रीय कायदा मनाई करतो. मालकाने स्वतःच्या हाताने काही केलं तर त्याला ती मनाई लागू होत नाही, त्याच्यापुरता राज्याचा कायदा असतो. म्हणजे एकच काम मालकाने केलं तर एक नियम आणि कारागिराने केलं तर दुसरा. राज्यांचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. पुढच्या बाजूच्या काचांना न्यूयॉर्कमध्ये ७० टक्के हवेत, फ्लोरिडात २८ चालतात, टेक्सासमध्ये २५. त्यामुळे राज्याच्या सीमेजवळ काम करणाऱ्याने गाडीची नोंदणी कुठली हे आधी विचारलंच पाहिजे.

ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८५ पासून वापरात आलेल्या गाड्यांना समोरच्या काचेसाठी ७५ आणि पुढच्या बाजूच्या काचांसाठी ७० टक्क्यांची अट आहे. मागच्या काचांना मर्यादाच नाही. पुढची काच मुळातच ७८ टक्क्यांची असेल, तर ७० राखायला फिल्म जवळजवळ ९० टक्क्यांची लागते, म्हणजे दिसायला पारदर्शकच. तिथल्या कारागिराचं काम त्यामुळे मागच्या काचांवरच चालतं, आणि त्यातल्या अनेक कंपनीतूनच काळ्या आलेल्या असतात.

काच आणि फिल्म हा भेद सगळ्यांत ठळकपणे केला तो भारतात. इथल्या नियमात समोरच्या आणि मागच्या काचेला ७० आणि बाजूच्या काचांना ५० टक्के आहेत. २७ एप्रिल २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा टक्का काचेच्या घडणीतच असायला हवा, वरून कोणत्याही टक्क्याची फिल्म चालणार नाही. म्हणजे कंपनीची ५० टक्क्यांची काच वैध, आणि जवळजवळ पारदर्शक फिल्म मात्र अवैध. रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसल्या, तरी कारागिराचा धंदा या एका भेदावर थांबला. पुढे नियमात बदल झाला, आणि त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, ठरलेला टक्का पाळणारी मानकांनुसारची फिल्म लावता येते, असा निर्णय दिला.

काळी काच म्हणजे थंड काच, हा आणखी एक समज. कंपनीची काळी काच प्रकाश अडवते, पण बरीचशी उष्णता स्वतः शोषून घेते, तापते आणि ती आत सोडत राहते. डोळ्यांवरचा झगमगाट कमी होतो, गाडीतला उकाडा त्या मानाने नाही. उष्णता अडवायचं काम अवरक्त (इन्फ्रारेड) किरण किती रोखले जातात यावर अवलंबून आहे आणि तिथे चांगली सिरॅमिक फिल्म सरस ठरते, मग ती दिसायला फिकी का असेना. चांगल्या फिल्म अतिनील किरणही जवळजवळ सगळे रोखतात. म्हणून मागच्या काळ्या काचेवरही फिल्म लावायला अर्थ असतो. २० टक्क्यांच्या काचेवर ७० ची सिरॅमिक फिल्म लावली तर १४ उरतात. काच थोडीशीच काळवंडते, पण गाडीतली धग बरीच कमी होते. ग्राहकाला काळेपणा हवा आहे की गारवा, हे कारागिराने आधीच विचारावं. गारवा हवा असेल तर काम कायद्यात बसवणं सहसा जमतं.

काचेच्या कोपऱ्यातला शिक्काही वाचावा. अमेरिकी पद्धतीत 'एएस २' म्हणजे किमान ७० टक्के प्रकाश सोडणारी काच आणि 'एएस ३' म्हणजे त्याहून काळी असू शकणारी. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ४३ खाली मंजूर झालेल्या काचेवर ७० च्या खालच्या पारदर्शकतेसाठी रोमन पाचचं चिन्ह असतं. पोलिसाने मागच्या काचेवर बोट ठेवलं, तर ती कंपनीचीच आहे हे त्या शिक्क्यावरून दाखवता येतं. फिल्म लावण्याआधी शिक्क्याचा फोटो घ्यावा आणि मीटरचे आधीचे व नंतरचे दोन्ही आकडे बिलावर लिहावेत. ग्राहकाने दुसरीकडे जाऊन वर आणखी एक थर चढवला, तर आपलं काम कुठे संपलं हे सांगायला त्या दोन आकड्यांचाच आधार असतो.

आक्षेप आलाच तर कंपनीच्या काचेला काही करता येत नाही, ती बदलावी लागते. फिल्म वाफ देऊन सोलता येते. पण मागच्या काचेवर दव घालवणाऱ्या तापतारा असतात आणि फिल्म थेट त्यांच्यावरच चिकटलेली असते. घाईने ओढली तर फिल्मबरोबर तारही उखडते.