प्लग पुसून आणू नका
ट्यून केलेली गाडी चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"गाडी मिस मारतेय. नवे प्लग टाकले की पंधरा दिवस बरी चालते, मग पुन्हा तेच." टर्बो, मोठे इंजेक्टर किंवा कॅम बसवलेल्या गाड्या आमच्याकडे बहुतेक वेळा हेच वाक्य घेऊन येतात. मिस मारणं म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल न पेटणं. पाठोपाठ मालक एक पिशवी पुढे करतात. आत चारही स्पार्क प्लग, पेट्रोलने धुतलेले, तारेच्या ब्रशने घासलेले, अगदी लखलखीत. आपण मिस्त्रीचं काम हलकं केलं अशी त्यांची समजूत असते. आम्ही कपाळाला हात लावतो.

आम्हाला हवी होती ती काजळीच. आणि त्याहून जास्त हवं होतं ते हे, की कोणता प्लग कोणत्या सिलेंडरमधून निघाला. चारही प्लग सारखेच काळे असतील तर दोष सगळ्या इंजिनाला लागू होणारा असतो: ट्यून, सेन्सर, पेट्रोलचं प्रेशर किंवा चुकीच्या हीट रेंजचे (प्लग किती गरम राहतो त्या मापाचे) प्लग. तीन ठीक आणि एकच खराब असेल तर आम्ही थेट त्या सिलेंडरकडे वळतो: त्याचा इंजेक्टर, ठिणगीला वीज देणारी कॉइल, रिंगा, व्हॉल्व्ह सील. प्लग एका पिशवीत पडले की हा फरक पुसला जातो. मग नवे प्लग टाकून, गाडी फिरवून, ते पुन्हा खराब होण्याची वाट पाहावी लागते. एका गाडीत यापायी आमचे चार दिवस गेले. दोष तिसऱ्या सिलेंडरच्या व्हॉल्व्ह सीलमध्ये होता, आणि न पुसलेल्या प्लगांनी तो पहिल्या तासातच दाखवला असता.

तेव्हा प्लग घरी काढायचेच असतील तर इंजिन थंड होऊ द्या आणि आधी प्लगच्या खाचेतली धूळ हवेने उडवून घ्या, नाहीतर ती सिलेंडरमध्ये पडते. पुठ्ठ्याला चार भोकं पाडा, १ ते ४ आकडे टाका, टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूने मोजत एकेक प्लग खोचा आणि मोबाइलवर फोटो काढा. फडकं लावू नका. ओला प्लग निघाला तर लगेच वास घ्या आणि बोटाने चोळून पाहा. पेट्रोल थोड्या वेळात उडून जातं, ऑइलचा चिकटपणा राहतो. आमच्यापर्यंत येईतो हा पुरावा अर्धा गेलेला असतो.

आता प्लग काय सांगतो ते. कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काजळी म्हणजे मिश्रण रिच आहे (त्यात पेट्रोल जास्त आहे) किंवा प्लग पुरेसा तापत नाही. काळा, ओला, तेलकट थर म्हणजे ऑइल आत येतंय. एकाच सिलेंडरला असेल तर रिंगा किंवा सील. सगळ्यांना असेल तर आम्ही आधी क्रॅंककेसची श्वासनळी (इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ बाहेर काढणारी नळी) आणि टर्बोचं सील बघतो. एकच प्लग इतरांपेक्षा संशय यावा इतका स्वच्छ निघाला तर खूश होऊ नका, कूलंटची पातळी तपासा. हेड गॅसकेटमधून पाणी झिरपत असेल तर वाफेने प्लग धुऊन निघतो. लालसर-तांबूस थर काही वेळा पेट्रोलमध्ये टाकायच्या अॅडिटिव्हमुळे येतो, म्हणून कोणती बाटली ओतली होती ते लाजू नका, सांगा. इथेनॉलवर चालणाऱ्या गाडीत प्लग फारसा रंग धरत नाही. तिथे रंगावरून आम्हीही निदान करत नाही, वाइडबँडचं (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग बघतो.

मॉडिफाय केलेल्या गाडीत हा त्रास जास्त का? मोठा इंजेक्टर आयडलला, म्हणजे इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना, लागणारं थोडंसं पेट्रोल नेमकं सोडू शकत नाही, आणि थंड स्टार्टचा मॅप (पेट्रोल किती सोडायचं त्याचं कोष्टक) त्याच्यासाठी बदललेला नसला तर रोज सकाळी प्लग भिजतात. शिवाय ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातात, सेन्सरला मिश्रण लीन (पेट्रोल कमी असलेलं) वाटतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल आणखी वाढवतो. एका प्लगच्या मिसिंगमुळे शेजारचे प्लगही काळे पडतात ते असे. तेच न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याचीही वाट लावतं, म्हणून मिस मारणारी गाडी "चालतेय तोवर चालवू" असं करू नका.

दुसरं कारण मालकांच्या हौसेतलं आहे. "रेसिंगचे कोल्ड प्लग" हवेत म्हणून दोन-तीन पायऱ्या थंड प्लग टाकले जातात. प्लगच्या सिरॅमिकचं टोक साधारण ५०० अंश सेल्सिअसला पोचलं की काजळी आपोआप जळते; ८५०च्या बरंच पुढे गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याची भीती असते. थंड प्लग आपली उष्णता हेडला लवकर देतो. ट्रॅकवर ते हवंच, पण रोजच्या ट्रॅफिकमध्ये असा प्लग काजळी जाळण्याइतका तापतच नाही. साधारण ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढली तर एक पायरी थंड, इथून आम्ही सुरुवात करतो. आकडे नीट वाचा: एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड, बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम. या उलटसुलट हिशोबाने बरेच जण फसले आहेत.

टर्बोचं बूस्ट वाढवलं असेल तर गॅपही (प्लगच्या टोकाची, ठिणगी उडते ती फट) कमी करावा लागतो, कारण दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. पण गॅप चाचपडत कमी करत बसू नका. जुनी कॉइल हेच मिस मारण्याचं खरं कारण असू शकतं.

इरिडियम प्लगला तारेचा ब्रश अजिबात लावू नका. टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, ते तुटतं, आणि ब्रशचा धातू सिरॅमिकवर रेघोट्या सोडतो. मग ठिणगी गॅपमधून न जाता तिथूनच पळते. घासलेला प्लग परत बसवून आम्ही देत नाही. काहींना ही विक्रीची युक्ती वाटते. वाटू द्या.

तपासणीचे पैसे आम्ही वेगळे का घेतो, हेही नेहमी विचारलं जातं. प्लग बदलणं अर्ध्या तासाचं काम. पण कॉम्प्रेशन (सिलेंडरचा दाब), लीक-डाउन (दाब कुठून गळतो) आणि बोरस्कोप (आत बघायचा कॅमेरा) लावून दोष कुठे आहे ते शोधायला बराच वेळ जातो, आणि ते न करता आम्ही तुम्हाला दर महिन्याला नवे प्लग विकले तर आमचा फायदाच आहे. दुरुस्ती आमच्याकडेच केलीत तर तपासणीची रक्कम बिलातून वजा करतो. निरनिराळ्या हीट रेंजचे प्लग आम्ही शेल्फवर ठेवतो, त्यामुळे एक पायरी इकडेतिकडे करून पाहायला ऑर्डरची वाट बघावी लागत नाही.

आणताना इतकं करा. एरर कोड पुसून येऊ नका. पी०३०१ ते पी०३०४ यातला कोड कोणता सिलेंडर मिस मारतोय ते सांगतो. ट्यूनची फाइल आणि शेवटचा लॉग (चालत्या गाडीच्या रीडिंगची नोंद) असेल तर सोबत घ्या. दारात गाडी दहा मिनिटं आयडलला उभी ठेवू नका, त्या दहा मिनिटांची काजळी आधीच्या खुणा झाकून टाकते. जमलं तर आदल्या संध्याकाळीच गाडी सोडा. रात्रभर उभ्या गाडीच्या पहिल्या स्टार्टला निळा धूर आला की व्हॉल्व्ह सीलवर संशय जातो, म्हणून सकाळची पहिली चावी आम्हालाच फिरवू द्या.