नोकरीची मुलाखत : इंदूरमधील तयारी

नोकरीची मुलाखत म्हणजे अर्जात लिहिलेल्या गोष्टींची समोरासमोर होणारी पडताळणी. उमेदवाराला काम जमेल का, तो टिकेल का आणि तो मागतो तेवढा पगार परवडेल का, एवढेच समोरच्याला ठरवायचे असते. इंदूरच्या मराठी घरांत या तयारीला आणखी एक पदर आहे. घरात मराठी, अर्ज इंग्रजीत आणि मुलाखत पुष्कळदा हिंदीत. चांगले शिकलेले उमेदवार अडखळतात ते या तिसऱ्या ठिकाणी, कारण हिंदी तर येतेच म्हणून तिची तयारी कोणी करत नाही.

शहरात मुलाखती कुठे होतात, त्यावर त्यांचे रूप ठरते. धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या कारखान्यांत, म्हणजे मोटारी, सुटे भाग आणि औषधे बनवणाऱ्या उद्योगांत, बोलण्याइतकेच हाताचे काम पाहतात. सुपर कॉरिडॉरवरील टीसीएस, इन्फोसिस आणि विजय नगर भागातील लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत सहसा आधी चाचणी, मग तांत्रिक फेरी आणि शेवटी मनुष्यबळ विभागाची फेरी असते. सियागंज किंवा कापड बाजारातील पेढीवर हिशेबनिसाची मुलाखत मालक स्वतः घेतो, आणि दहा मिनिटांत टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) उघडून समोर ठेवतो. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्यालय इंदुरातच, रेसिडेन्सी भागात आहे. राज्यसेवेची मुलाखत हा पूर्व आणि मुख्य परीक्षेनंतरचा तिसरा टप्पा. केंद्र सरकारच्या गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांसाठी मात्र १ जानेवारी २०१६ पासून मुलाखत बंद झाली आहे. त्या भरतीसाठी मुलाखतीचा वर्ग लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

तयारीचा मोठा भाग स्वतःच्या अर्जावर करावा. परिचयपत्रातील प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने तीन गोष्टी लिहाव्यात : नेमके काय केले, किती केले, अडचण काय आली. ज्या ओळीखाली काहीच लिहिता येत नाही ती ओळ काढून टाकावी. मुलाखत घेणारा नेमके तिथेच बोट ठेवतो. हिशेबनिसाच्या पदाचे उदाहरण घेऊ. ‘जीएसटीचे काम पाहिले’ या ओळीवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : खरेदीची बिले २बी शी, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणांवरून तयार होणाऱ्या जीएसटी पत्रकाशी, कशी जुळवत होता? ‘सॉफ्टवेअरमधून’ एवढ्या उत्तराने काही कळत नाही. ‘महिन्याला सुमारे १४० बिले होती. ८-१० जुळत नसत. बहुतेक वेळा पुरवठादाराने ११ तारखेनंतर विवरण भरलेले असे, म्हणून ते बिल पुढच्या महिन्याच्या २बी मध्ये दिसे. कधी आमचा जीएसटी क्रमांक चुकीचा टाकलेला असे. २० तारखेला आपले ३बी हे मासिक विवरण भरण्याआधी मी त्यांना फोन करून यादी पाठवत असे’ या उत्तरात काम केलेला माणूस दिसतो. असे उत्तर दीड ते दोन मिनिटांत संपवावे. प्रसंग थोडक्यात, स्वतःची कृती सविस्तर, परिणाम एका वाक्यात. बहुतेक उमेदवार याच्या उलट करतात, कंपनीची माहिती सांगण्यात मिनिटभर घालवतात आणि स्वतःपर्यंत येईतो समोरचा पुढच्या प्रश्नाकडे वळलेला असतो.

अशी पाच-सहा उदाहरणे तयार असली की बहुतेक प्रश्न निभावतात. त्यांत एक चुकीचे असावे, म्हणजे आपण चुकलो, ती चूक कशी सापडली आणि पुढे काय बदलले. पाठ केलेली उत्तरे ओळखू येतात, कारण मध्येच प्रश्न विचारला की ती तुटतात. म्हणून सराव करताना घरातल्या कुणाला तरी समोर बसवून मुद्दाम अडवायला सांगावे.

आता हिंदीकडे. माळव्याच्या बोलण्यात ‘अपन’ हा शब्द मी, आम्ही आणि आपण या तिघांसाठी चालतो, आणि मराठी माणसाच्या तोंडी तो सहज बसतो. मुलाखतीत तो घातक ठरतो. ‘अपन ने नया सिस्टम लगाया’ या वाक्यावरून काम उमेदवाराने केले, त्याच्या साहेबाने केले की सगळ्या विभागाने, हे कळत नाही, आणि मुलाखतीत नेमके तेच शोधायचे असते. ‘मैंने’ आणि ‘हमारी टीम ने’ हे दोन शब्द वेगळे ठेवण्याची सवय आठवडाभर आधीपासून घरातच लावावी. ‘भिया’ (भाऊ) हे संबोधन तर दाराबाहेर ठेवावे, समोरचा कितीही मोकळा वाटला तरी.

त्याहून फसवे म्हणजे दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्द. मराठीत यंत्रणा म्हणजे व्यवस्था, हिंदीत यंत्रणा म्हणजे यातना. ‘मैंने नई यंत्रणा शुरू की’ ऐकून समोरचा क्षणभर थबकतो. जुनी नोकरी का सोडली या प्रश्नाला ‘मैंने राजीनामा दिया’ म्हटले, तर हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड, आणि एखादे प्रकरण कोर्टात गेले होते की काय अशी शंका येते. तिथे ‘इस्तीफ़ा’ म्हणावे. हरकत या अर्थी हिंदीत ‘आपत्ति’ म्हणतात, तेव्हा ‘आपको कोई आपत्ति?’ हा प्रश्न संकटाविषयी नसतो. लिंगाच्या चुका मात्र क्षम्य आहेत. व्हिडिओ मुलाखतीत ‘मेरा आवाज आ रहा है क्या’ असे निघून जाते, हिंदीत आवाज स्त्रीलिंगी असला तरी. त्यावरून कोणाला नाकारत नाहीत. घाबरून तिथे अडकू नये, वाक्य पूर्ण करावे.

आडनाव मराठी असल्याने ‘इंदूरला कसे?’ हा प्रश्न बाहेरून आलेले अधिकारी हमखास विचारतात. तो आपुलकीचा असतो, त्यात सापळा शोधू नये. मल्हारराव होळकरांपासून इथे मराठी घराणी आली, आपले घराणे कोणत्या पिढीत आले, एवढे अर्ध्या मिनिटात सांगावे. लोकसेवा आयोगासमोर मात्र शहराविषयीचा प्रश्न खोल जातो. अहिल्याबाईंचा काळ (१७६७ ते १७९५) आणि त्यांची राजधानी इंदूर नव्हे तर महेश्वर होती, हे माहीत हवेच. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिले येत राहिले हे सगळेच सांगतात. पुढचा प्रश्न ‘कसे?’ असा येतो. घरीच कचरा वेगळा करून गाडीत टाकणे, ओला कचरा देवगुराडियाला जाणे आणि तिथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या, दिवसाला ५५० टन क्षमतेच्या प्रकल्पात त्याचा बायो-सीएनजी होणे, हा प्रवास ज्याला सांगता येतो तो स्वतःच्या गल्लीकडे डोळे उघडे ठेवून राहतो, हे दिसते.

पीथमपूरच्या यांत्रिक विभागांत आयटीआयच्या मुलांना व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) हातात देतात. ४९ मिलिमीटरचे ५० भाग केलेल्या व्हर्नियरचे लघुतम माप ०.०२ मिलिमीटर, हे बहुतेकांना पाठ असते. गुण जातात ते आधीच्या पायरीवर : जबडे न पुसणे आणि जबडे मिटवून शून्याची चूक, म्हणजे तेव्हा माप शून्य दिसते की नाही, हे न पाहणे. ती धन असेल तर वाचनातून वजा होते. औषध कंपन्यांतला आवडता प्रश्न असा की नोंदवहीत चुकीचा आकडा पडला तर काय कराल. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, वरून गिरवणे नाही. मूळ आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. ‘नवे पान लिहीन’ म्हणणाऱ्याला तिथेच नकार मिळू शकतो, कारण औषधाच्या कारखान्यात पान बदलणे म्हणजे पुरावा नाहीसा करणे.

कागदपत्रांत मराठी नावांचा एक नेहमीचा घोळ आहे. आधारवर स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव अशी तीन नावे, दहावीच्या अंकसूचीवर दोनच. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावाचे शपथपत्र आधीच काढून ठेवावे. मूळ प्रती, झेरॉक्सचे दोन संच, चार फोटो, शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके आणि आधीच्या ठिकाणचे कार्यमुक्ती पत्र एका फायलीत, मागतील त्या क्रमाने लावावे.

पीथमपूरला जायला दीड तास हाताशी धरावा. राऊच्या पुढे वाहतूक अडली की अंतरावरून काढलेला वेळेचा अंदाज कामाला येत नाही. रंगपंचमीला राजवाड्याच्या आसपास गेर (रंगांची मिरवणूक) निघते आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या (देखाव्यांची मिरवणूक), तेव्हा जुन्या शहरातले रस्ते बंद असतात. बाहेरगावच्या कंपनीला हे ठाऊक नसते, म्हणून वेळ दिल्याबरोबर त्यांना सांगावे. गणपतीच्या दिवसांत व्हिडिओ मुलाखत असेल तर ढोल नसलेल्या भागातल्या नातेवाइकाची खोली गाठावी, फोनचे इंटरनेट दुसरा पर्याय म्हणून चालू ठेवावे, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि उजेड समोरून असावा.

पगाराच्या बोलण्यात सर्वाधिक फसगत वार्षिक सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला उमेदवारावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या, आकड्यात होते. समजा ४,८०,००० सांगितले आणि मूळ वेतन निम्मे, म्हणजे महिना २०,००० आहे. त्यातून मालकाचा भविष्यनिर्वाह निधी १२ टक्क्यांनी वर्षाला २८,८००, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ११,५४४ आणि कामगिरीवर अवलंबून असलेले १० टक्के, म्हणजे ४८,०००, बाजूला काढले तर ३,९१,६५६ उरतात. महिन्याला ३२,६३८. त्यातून स्वतःचा २,४०० चा निधी आणि व्यवसाय कर गेला की हातात येतात सुमारे ३०,०००. म्हणून ‘हातात किती?’ हे विचारण्यात संकोच करू नये. कामगिरीचा भाग कोणत्या अटीवर आणि केव्हा मिळतो, तेही विचारावे. होकार तोंडी मिळाला तरी लेखी नेमणूक पत्र, त्यावर रुजू होण्याची तारीख आणि पगाराची फोड हाती येईपर्यंत जुन्या ठिकाणी इस्तीफ़ा देऊ नये. नोटीसचा काळ ६० दिवसांचा असेल तर ‘३० दिवसांत येतो’ असे सांगून बसलेल्या उमेदवाराची नेमणूक पुष्कळदा इथेच रद्द होते.