विद्युतभारित कृष्णविवरांची ऊष्मागतिकी

विद्युतभार असलेल्या, पण न फिरणाऱ्या कृष्णविवराचे आइन्स्टाइनच्या समीकरणांतून मिळणारे उत्तर राइसनर (१९१६) आणि नॉर्डस्ट्रॉम (१९१८) यांच्या नावाने ओळखले जाते. घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिथून काहीच परत येऊ शकत नाही त्या सीमेच्या, क्षेत्रफळाच्या प्रमाणात कृष्णविवराची एंट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) असते, हा बेकेन्स्टाइन यांचा विचार. कृष्णविवर प्रारण सोडते हे हॉकिंग यांनी १९७४ मध्ये दाखवले आणि त्याच्या तापमानाला खरा अर्थ आला.

भार नसलेले कृष्णविवर ऊर्जा गमावताना तापत जाते. त्याची उष्माधारिता (तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी ऊर्जा) ऋण असते. भारामुळे चित्र बदलते. भार स्थिर ठेवून वस्तुमान कमी करत गेल्यास तापमान आधी वाढते, कमाल गाठते आणि मग उतरत शून्यावर येते. या शेवटच्या स्थितीला चरम कृष्णविवर म्हणतात. कमाल तापमानाच्या ठिकाणी, म्हणजे योग्य एककांत भार वस्तुमानाच्या सुमारे ०.८६६ पट असताना, उष्माधारिता अनंत होऊन चिन्ह बदलते. डेव्हिस यांनी १९७७ मध्ये याला प्रावस्था संक्रमण, म्हणजे पाण्याची वाफ होण्यासारखा अवस्थाबदल, म्हटले. ते नाव जरा घाईचे वाटते, कारण तिथे क्षितिजाच्या रचनेत काहीच तुटत नाही.

खरे संक्रमण ऋण वैश्विक स्थिरांकाच्या (रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेशी निगडित आइन्स्टाइनच्या समीकरणांतल्या पदाच्या) अवकाशात दिसते. भार स्थिर आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असताना, लहान आणि मोठे कृष्णविवर यांच्यात पहिल्या क्रमाचे, म्हणजे एकदम उडी घेणारे, संक्रमण होते, हे चॅम्बलिन, एम्पारान, जॉन्सन आणि मायर्स यांनी १९९९ मध्ये दाखवले. द्रव आणि वायू यांच्यातल्या संक्रमणाशी त्याचे साम्य ठळक आहे. २००९ मध्ये कॅस्टर, रे आणि ट्रॅशेन यांनी वैश्विक स्थिरांकाला दाब मानले. मग वस्तुमान ही ऊर्जा न राहता एन्थाल्पी (ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान) ठरते. याच आधारावर कुबिझ्नाक आणि मान यांनी २०१२ मध्ये दाब-आकारमान आलेख काढले, तेव्हा क्रांतिक बिंदूशी, म्हणजे दोन अवस्थांमधला फरक जिथे मिटतो तिथे, दाब गुणिले विशिष्ट आकारमान भागिले तापमान हे गुणोत्तर ३/८ आले, अगदी व्हान डर वाल्स वायूसारखे (खऱ्या वायूंच्या सोप्या प्रतिमानासारखे) आणि भार कितीही असला तरी तेच. अर्थात क्षितिजाच्या त्रिज्येची दुप्पट म्हणजे विशिष्ट आकारमान, ही निवड या जुळणीला हातभार लावते. क्रांतिक बिंदूजवळ राशी किती वेगाने बदलतात हे सांगणारे क्रांतिक घातांक मात्र अशा निवडीवर अवलंबून नाहीत, आणि तेही व्हान डर वाल्सचेच निघतात. म्हणून साम्याचा भक्कम पुरावा तेच.

निसर्गातल्या कृष्णविवरांवर लक्षणीय भार टिकत नाही. भोवतालचा प्लाझ्मा तो झटकन उदासीन करतो. शिवाय आपल्या विश्वाचा वैश्विक स्थिरांक धन आहे. तरी सैद्धांतिक भौतिकीत हा विषय जिवंत आहे, कारण होलोग्राफीच्या तत्त्वानुसार (अवकाशातल्या गुरुत्वाचे वर्णन त्याच्या सीमेवरच्या सिद्धांतातून करता येते, या कल्पनेनुसार) ऋण वैश्विक स्थिरांकाच्या अवकाशातल्या या कृष्णविवरांची ऊष्मागतिकी सीमेवरच्या गुरुत्वहीन क्वांटम सिद्धांताचीही ऊष्मागतिकी असते. त्या दृष्टीने भाराऐवजी विद्युत विभव स्थिर ठेवला, तर लहान-मोठ्यांमधले संक्रमण नाहीसे होते. विभव ठरावीक मर्यादेखाली असल्यास कृष्णविवर आणि निव्वळ प्रारण यांच्यातले, हॉकिंग आणि पेज यांनी १९८३ मध्ये वर्णिलेल्या जातीचे संक्रमण तेवढे उरते.