सिस्टीम मुद्दाम कच्चे टीममेट देते?

फोंडा-म्हापशाच्या गेमिंग ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरणारा समज: ‘ऑनलाइन गेममध्ये संघ जुळवणारी सिस्टीम मुद्दाम कच्चे टीममेट देते, म्हणून रँक (खेळाडूची पातळी) अडते.’

पाच विरुद्ध पाचच्या सामन्यात तुमच्या बाजूला अनोळखी चार, समोर पाच. म्हणजे कच्चा गडी समोर पडण्याची शक्यताच जास्त. जिंकणं ५० टक्क्यांजवळ थांबतं ते रँक तुमच्या ताकदीशी जुळल्यामुळे.

पडताळायचंय? डोटा २ या पाच विरुद्ध पाचच्या ऑनलाइन गेममधल्या हरलेल्या १० सामन्यांचे रिप्ले बघा. पहिल्या १० मिनिटांतलं आपलं प्रत्येक मरण लिहा: कितवं मिनिट, मिनिमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) किती शत्रू दिसत नव्हते, वॉर्ड (आसपासचा भाग दाखवणारी टेहळणीची वस्तू) होता का. तिघे गायब असताना एकट्याने नकाशाच्या मधली नदी ओलांडली, तर ते मरण टीममेटच्या खात्यावर जात नाही. (पावसात वीज गेल्याने सुटलेले सामने मात्र वगळा.)