महिन्याचे आकडे वाचताना : उत्पादन, बांधकाम आणि आयात-निर्यात
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दर महिन्याला आमच्याकडून जो तक्ता तुम्हाला येतो, त्यात टक्केवारीचे रकाने ठळक आणि तळटिपा बारीक अक्षरांत असतात. छपाईच्या सोयीसाठी हे ठीक आहे, पण महत्त्वाच्या दृष्टीने पाहिले तर नेमके उलटे हवे. ‘औद्योगिक उत्पादन ४ टक्क्यांनी वाढले’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. कशाच्या तुलनेत वाढले, किती कामाचे दिवस धरून वाढले, नगांत वाढले की नुसत्या रकमेत, हे सगळे तळटिपेत असते. माल किती भरून ठेवायचा, कंत्राटात दरवाढीचे कलम कसे घालायचे, असे निर्णय तुम्ही या तक्त्यावरून घेता, म्हणून त्या तळटिपांचा हा खुलासा.

कशाच्या तुलनेत?

गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलना सोपी असते, कारण दोन्हीकडे ऋतू सारखा असतो. तिची खोट अशी की यंदाच्या आकड्यात गेल्या वर्षीचे बरेवाईटही मिसळलेले असते. याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण भारताचे आहे. टाळेबंदीमुळे एप्रिल २०२० मध्ये औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक (आधारवर्षाचे उत्पादन १०० धरून काढलेला आकडा) ५४.० पर्यंत कोसळला होता. एप्रिल २०२१ मध्ये तो १२६.६ झाला. हिशेब केला तर वाढ १३४ टक्क्यांहून जास्त! पण एप्रिल २०१९ मध्ये हाच निर्देशांक १२६.५ होता. म्हणजे दोन वर्षांत कारखाने होते तिथेच परत आले होते. याला बेस इफेक्ट म्हणतात. एखाद्या महिन्याची वार्षिक वाढ फार मोठी किंवा फार लहान दिसली, तर आधी दोन वर्षांपूर्वीचा निर्देशांक काढून त्याच्याशी ताडून बघा.

घट आणि वाढ यांची टक्केवारी सरळ वजाबाकीने फिटत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. १०० वरून २० टक्के घट झाली की ८०, आणि ८० वर २० टक्के वाढ झाली की फक्त ९६. पूर्वपदावर यायला २५ टक्के वाढ लागते.

दुसरी तुलना मागच्या महिन्याशी. वळण कुठे आले हे तीच लवकर दाखवते, पण ऋतुमान, म्हणजे दरवर्षी त्याच सुमारास होणारे चढउतार, काढून टाकलेल्या मालिकेवर केली तरच. कच्च्या आकड्यांवर केली तर ती जवळजवळ निरुपयोगी ठरते. सुट्ट्यांच्या महिन्यानंतरचा महिना नेहमीच ‘तेजीचा’ दिसणार.

दिनदर्शिकेचा हिशेब

एका महिन्यात कामाचे २० दिवस आणि दुसऱ्यात २२, एवढ्याने १० टक्क्यांचा फरक पडतो, मग मागणी काडीची हलली नसली तरी. मात्र हा नियम सगळ्या उद्योगांना एकसारखा लागू होत नाही. पोलादाची झोतभट्टी, तेलशुद्धीकरण कारखाना किंवा वीजकेंद्र रविवारी बंद राहत नाही, त्यांच्यासाठी महिन्याचे सगळे दिवस मोजायचे. फेब्रुवारी २०२४ हा २९ दिवसांचा होता आणि फेब्रुवारी २०२५ हा २८ दिवसांचा. अशा अखंड चालणाऱ्या कारखान्यांत त्या एका दिवसानेच सुमारे साडेतीन टक्क्यांची घट दिसते. यंत्रभागांच्या कारखान्याला मात्र तो दिवस आठवड्याच्या कोणत्या वारी आला यावर सगळे अवलंबून.

सरकत्या सणांचा गोंधळ याहून मोठा. ईस्टर २०२४ मध्ये ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला. त्यामुळे युरोपातल्या बऱ्याच देशांचे मार्च आणि एप्रिलचे कच्चे आकडे वर्षावर्षाला ताडून बघण्यात अर्थ नसतो. दोन्ही महिने मिळून बघावे लागतात. चिनी नववर्ष कधी जानेवारीत, कधी फेब्रुवारीत येते (२०२४ मध्ये १० फेब्रुवारी, २०२५ मध्ये २९ जानेवारी). म्हणून चीनचे सांख्यिकी कार्यालय जानेवारी-फेब्रुवारीचे औद्योगिक उत्पादन एकत्रच जाहीर करते. त्या दोन महिन्यांचा वेगवेगळा आकडा कोणी दाखवला, तर तो कुठून आणला हे जरूर विचारा.

हे सगळे परिणाम काढून टाकण्यासाठी सांख्यिकी कार्यालये ठरावीक पद्धती वापरतात. अमेरिकेच्या जनगणना विभागाची ‘एक्स-१३’ आणि स्पेनच्या मध्यवर्ती बँकेत घडलेली ‘ट्रामो-सीट्स’ या त्यांतल्या मुख्य. दोन्हींत एक अडचण अटळ आहे. मालिकेच्या मधल्या महिन्याचे ऋतुमान ठरवताना मागचे आणि पुढचे दोन्ही महिने हाताशी असतात, पण अगदी ताज्या महिन्यासाठी पुढचा भाग अंदाजानेच भरावा लागतो. म्हणून ताजा आकडा पुढल्या काही महिन्यांत बदलतो. त्यात कोणाची चूक नसते, पद्धतच तशी आहे. आणखी एक : प्रत्येक उद्योगाची मालिका स्वतंत्रपणे दुरुस्त केली असेल, तर उद्योगांची बेरीज एकूण आकड्याशी तंतोतंत जुळत नाही. बेरीज जुळत नाही म्हणजे तक्ता चुकला, असे समजू नका.

महिन्यांची उडी कशी मोडायची

समजा, ऋतुमान काढलेला निर्देशांक सहा महिने असा आहे : १०४, १०७, १०३, १०८, १०५, १११. दर महिन्याचा बदल काढला तर +२.९, −३.७, +४.९, −२.८, +५.७ टक्के. यावरून कोणी एका महिन्यात मंदी जाहीर करील आणि दुसऱ्यात तेजी. आता पहिल्या तीन महिन्यांची सरासरी काढा : १०४.७. शेवटच्या तिघांची : १०८. वाढ ३.२ टक्के, आणि चित्र एकदम शांत. आमच्या तक्त्यातला ‘तिमाही सरासरी’ हा रकाना असाच काढलेला असतो. एकच रकाना बघायला वेळ असेल तर हाच बघा, असे आमचे मत आहे. त्याचा तोटा म्हणजे वळण एखाद-दोन महिने उशिरा दिसते. बहुतेक धंद्यांत एवढा उशीर परवडतो.

उत्पादनाच्या निर्देशांकात काय दडते

हा निर्देशांक शेकडो वस्तूंच्या मालिकांना भार देऊन बनतो, आणि भार आधारवर्षातल्या मूल्यवर्धनावर (मालाच्या किमतीतून कच्च्या मालाचा वगैरे खर्च वजा जाता उरते त्यावर) ठरतात. एखाद्या शाखेचा भार ८ टक्के असेल आणि ती १५ टक्क्यांनी उसळली, तर एकूण निर्देशांक १.२ टक्क्यांनी वर जातो. बाकीच्या ९२ टक्क्यांत काहीच हलले नाही तरी मथळा ‘उद्योगात वाढ’ असाच येतो. म्हणून किती शाखा वाढल्या आणि किती घटल्या, हे आधी मोजावे. आयर्लंडमध्ये औषधनिर्मितीतल्या मोजक्या बहुराष्ट्रीय कंपन्यांमुळे मासिक आकडा इतका उड्या मारतो की कधीकधी सबंध युरो क्षेत्राचा आकडा त्याच्यामागे हलतो. तिथले सांख्यिकी कार्यालय ‘पारंपरिक’ शाखांचा आकडा वेगळा देते, तो यासाठीच. जहाजे, विमाने, रेल्वेगाड्या यांच्या ऑर्डरींचेही तसेच. जर्मनीत नव्या ऑर्डरींचा आकडा ‘मोठ्या ऑर्डरी वगळून’ असाही मिळतो, आणि सुटे भाग पुरवणाऱ्याने तोच धरावा.

उत्पादन आणि विक्रीची उलाढाल यांत गल्लत करू नका. उलाढाल रकमेत असते. पोलादाचा भाव १२ टक्के चढला आणि माल तेवढाच गेला, तर उलाढाल १२ टक्के वाढते आणि उत्पादन शून्य. भावाने भागल्याशिवाय, म्हणजे डिफ्लेट केल्याशिवाय, दोन्ही शेजारीशेजारी ठेवू नयेत.

कच्च्या माहितीतच चूक असली तर कोणतीही पद्धत वाचवत नाही. जानेवारी २०१२ साठी भारताच्या औद्योगिक उत्पादनात ६.८ टक्के वाढ जाहीर झाली होती. नंतर कळले की साखरेचे उत्पादन ५८ लाख टनांच्या जागी १३४ लाख टन धरले गेले होते. दुरुस्तीनंतर वाढ १.१ टक्क्यावर आली. एका वस्तूच्या एका रकान्याने सबंध देशाचा आकडा फिरवला! त्यामुळे मथळा अनपेक्षित असला की वस्तूंची यादी उघडावी आणि सर्वांत मोठी उडी कोणाची आहे ते बघावे.

बांधकाम

इथे तीन आकडे येतात, ते तीन वेगवेगळ्या वेळांचे असतात आणि लोक ते एकाच दमात बोलतात. परवाना म्हणजे इरादा, काम सुरू होणे म्हणजे खोदाई, आणि बांधकाम उत्पादन म्हणजे त्या महिन्यात प्रत्यक्ष झालेले काम. परवाने घटले तरी आधी सुरू झालेल्या इमारतींमुळे उत्पादन कित्येक महिने चढते राहू शकते. टाइल्स, रंग किंवा नळजोडणीचे सामान विकणाऱ्याने आजच्या परवान्यावरून आजची मागणी काढू नये, कारण त्याचा माल इमारतीच्या शेवटच्या टप्प्यात लागतो. सळई आणि सिमेंटवाल्याला मात्र काम सुरू झाल्याचा आकडाच उपयोगी.

अमेरिकेत सुरू झालेल्या घरांचा आकडा वार्षिक दराने देतात. ‘१४ लाख घरे’ याचा अर्थ त्या महिन्यात १४ लाख घरांची कामे सुरू झाली असा नाही. तोच वेग वर्षभर टिकला तर एवढी होतील, असा आहे. शिवाय तो नमुना पाहणीवर बेतलेला असल्याने सोबत चूकमर्यादा छापलेली असते. मासिक बदल त्या मर्यादेच्या आत असेल, तर तो बदल झाला असे धरू नये.

बांधकाम उत्पादन थेट मोजता येत नाही. कुठे मजुरांचे कामाचे तास धरतात, कुठे झालेल्या कामाची रक्कम खर्च निर्देशांकाने भागतात. आडवाटेने तपासायचे तर सिमेंटची रवानगी बघा. पोत्यातले सिमेंट हवेतला दमटपणा घेते आणि तीनेक महिन्यांत त्याची ताकद उतरू लागते, त्यामुळे ते फार काळ साठवत नाहीत. गेलेले सिमेंट लवकरच काँक्रीटमध्ये जाते. सळईचे तसे नाही. ती भाववाढीच्या अपेक्षेने भरून ठेवली जाते, म्हणून सळईच्या विक्रीवरून बांधकाम ओळखू नये. कडाक्याची थंडी किंवा मुसळधार पाऊस पडला की काँक्रीट थांबते आणि पुढच्या महिन्यात ते भरून निघते. अशी खाच आणि लगेच उसळी दिसली, तर दोन महिन्यांची सरासरी घ्या.

आयात-निर्यात

व्यापाराचा आकडा प्रमाण आणि भाव यांचा गुणाकार असतो. कच्चे तेल ८० डॉलरवरून ६४ वर आले आणि आयात १० टक्के वाढली, तर बिल १२ टक्क्यांनी कमी होते. मथळा म्हणतो आयात घटली, पण बंदरात जास्त तेल उतरले. म्हणून तेल आणि सोने वगळून उरलेल्या व्यापाराचा रकाना वेगळा बघावा.

निर्यात बहुधा एफओबी भावाने नोंदतात, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत. आयात बहुतेक देश सीआयएफ भावाने नोंदतात, म्हणजे त्यात वाहतूक आणि विमाही येतो. एका देशाने १०० ची निर्यात दाखवली आणि दुसऱ्याने त्याच मालाची आयात १०६ दाखवली, तर दोघेही बरोबर असू शकतात. २८ नोव्हेंबरला निघालेले जहाज २० डिसेंबरला पोहोचले, तर महिनेही जुळत नाहीत. वाटेत तिसऱ्या देशात माल उतरवून पुढे पाठवला असेल, तर देशाचे नावही बदलते.

धोरणाच्या तारखा लक्षात ठेवा. २०२५ च्या सुरुवातीला वाढीव आयात शुल्क लागण्याआधी माल आणून ठेवण्यासाठी अमेरिकेत झुंबड उडाली, मार्चपर्यंत आयात फुगली आणि एप्रिलमध्ये १६ टक्क्यांहून जास्त आपटली. दोन्ही आकडे खरे, पण मागणीबद्दल दोन्ही काही सांगत नाहीत.

वस्तूचा कोड बदलल्यानेही मालिका तुटते. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या वर्गीकरणात १ जानेवारी २०२२ पासून स्मार्टफोनला ८५१७.१३ हा स्वतंत्र कोड मिळाला. त्याआधीची मालिका हवी असेल तर मोबाइल फोनचा जुना कोड ८५१७.१२ घ्यावा लागतो, आणि त्यात साधे फोनही मिसळलेले आहेत. शून्यावरून अचानक सुरू झालेली निर्यात दिसली, तर नवा धंदा शोधण्याआधी कोड तपासा.

पहिला अंदाज किती हलू शकतो? नोव्हेंबर २०२४ साठी भारताची सोन्याची आयात आधी सुमारे १४.८ अब्ज डॉलर सांगितली गेली, नंतर ती सुमारे ९.८ अब्ज केली गेली. त्यामुळे आयात-निर्यातीतली तूटही खाली आली. आमच्या तक्त्यात सुधारलेल्या आकड्यापुढे तारा असतो. जुना तक्ता टाकून नव्यावरच काम करा, दोन्हींतले महिने एकत्र जोडू नका.

पीएमआयबद्दल थोडे

पीएमआय म्हणजे कंपन्यांच्या खरेदी-व्यवस्थापकांना विचारून काढलेला निर्देशांक. हा उत्पादनाचा आकडा नव्हे. त्यातल्या प्रत्येक प्रश्नासाठी ‘वाढले’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी अधिक ‘तेवढेच’ म्हणणाऱ्यांची निम्मी, एवढाच हिशेब. ३० टक्के वाढले, ५० टक्के तेवढेच, २० टक्के घटले, तर ५५. पन्नासच्या वर म्हणजे सुधारणा जास्त ठिकाणी आहे. किती मोठी आहे ते त्यातून कळत नाही.

कंत्राटातले दरवाढीचे कलम

तक्त्याचा सर्वांत खर्चीक दुरुपयोग इथे होतो. ‘निर्देशांकाप्रमाणे दर वाढेल’ एवढेच लिहिलेले कलम भांडणाला आमंत्रण आहे. निर्देशांकाचे पूर्ण नाव, आधारवर्ष, ऋतुमान काढलेली मालिका की कच्ची, कोणत्या महिन्याचा आकडा, आणि पहिला अंदाज की अंतिम, हे सगळे कलमात यायला हवे. अंतिम आकड्याला वेळ लागतो, म्हणून पहिल्या अंदाजावर बिल करावे आणि अंतिम आकडा आल्यावर फरक वळता करावा, असे लिहिणे सोयीचे. कंत्राट चालू असताना आधारवर्ष बदलले तर जोडगुणक, म्हणजे नवी मालिका जुन्या मापात आणणारा गुणक, लागतो. एकाच काळासाठी जुन्या मालिकेत १६८ आणि नव्यात १०५ असेल, तर जोडगुणक १.६. पुढचा नवा निर्देशांक ११० आला, तर जुन्या मापात तो १७६ धरायचा. अधिकृत जोडगुणक जाहीर झाला असेल तर तोच वापरावा, आणि तो नसल्यास कोणत्या महिन्यावरून काढायचा हे सही करण्याआधीच ठरवून घ्यावे.