कॉलेज फुटबॉलमधील नवे मानधन : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडण्याची ठिकाणे

अमेरिकेत वाढणारी काही मराठी मुले आता हायस्कूलच्या फुटबॉल संघांत, म्हणजे हेल्मेट घालून खेळल्या जाणाऱ्या अमेरिकी फुटबॉलमध्ये, दिसू लागली आहेत. त्यांच्या पालकांचे जे प्रश्न गेल्या वर्षभरात माझ्यापर्यंत आले त्यांची कथा थोड्याफार फरकाने सारखीच होती. कॉलेजच्या प्रशिक्षकांनी खेळण्याबद्दल मिळेल अशी एक रक्कम सांगितली, घरात आनंद झाला आणि नंतर एखाद्या कागदाअभावी सगळे प्रकरण अडून बसले. यांतील बहुतेक अडचणी आधी ठाऊक असत्या तर टळल्या असत्या, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आपले नाव, छायाचित्र आणि प्रसिद्धी यांच्या वापराबद्दल बाहेरच्या कंपन्यांकडून मोबदला घेण्याची मुभा एनसीएए या कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेने १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना दिली. या व्यवहारांना सगळेजण ‘एनआयएल’ म्हणतात. त्यानंतर ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीला अंतिम मंजुरी दिली आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. २०२५-२६ या वर्षासाठी एका विद्यापीठाने द्यावयाच्या रकमेची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. एका वडिलांनी माझ्यासमोरच या आकड्याला १०५ ने, म्हणजे फुटबॉल संघातील खेळाडूंच्या कमाल संख्येने, भागून आपल्या मुलाच्या वाट्याला वर्षाला १ लाख ९५ हजार डॉलर येतील असे वहीत लिहिले होते. तो हिशेब चुकीचा आहे. ही मर्यादा सर्व खेळांसाठी मिळून आहे, नव्याने वाढवलेल्या स्कॉलरशिपची २५ लाख डॉलरपर्यंतची रक्कमही तिच्यातच धरली जाते, आणि तेवढा पैसा वाटलाच पाहिजे असे बंधन कोणत्याही विद्यापीठावर नाही. फुटबॉलच्या वाट्यातही क्वार्टरबॅक (चढाईचा सूत्रधार) आणि राखीव किकर (चेंडूला लाथ मारणारा) यांना मिळणाऱ्या रकमांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

१०५ हा आकडा मात्र नीट समजून घ्यावा, कारण निवडीची पद्धत त्यामुळेच बदलली आहे. पूर्वी वरच्या पातळीवरील संघाला ८५ स्कॉलरशिप देता येत असत आणि त्याशिवाय स्कॉलरशिप नसलेली बरीच मुले संघासोबत राहून शिकत असत. आता तडजोडीत सामील असलेल्या विद्यापीठांत स्कॉलरशिपच्या संख्येवर मर्यादा नाही, पण संघातच जास्तीत जास्त १०५ खेळाडू ठेवता येतात. शिवाय एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला एकही हंगाम न गमावता वाटेल तितक्यांदा विद्यापीठ बदलता येते. परिणामी प्रशिक्षक हायस्कूलच्या मुलाला पैसे देण्याआधी दुसऱ्या विद्यापीठात दोन हंगाम खेळलेल्या तयार खेळाडूचा विचार करतात. हायस्कूलच्या मुलांसाठी सह्यांचा पहिला टप्पा ३ डिसेंबर २०२५ रोजी सुरू होऊन तीन दिवसांत संपला, आणि विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांसाठी ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे त्यांची नावे नोंदवण्याची यादी, २ ते १६ जानेवारी २०२६ या काळात खुले ठेवण्यात आले. जानेवारीसाठी काही पैसा हाती ठेवणे प्रशिक्षकांना भाग असते. त्यामुळे उन्हाळ्यात तोंडी सांगितलेली रक्कम डिसेंबरपर्यंत तशीच राहील, असे धरून चालू नये.

आता पात्रतेकडे वळू. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये (पात्रता तपासणाऱ्या केंद्रात) खाते उघडणे, शाळेकडून ट्रान्स्क्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) पाठवून घेणे आणि अखेरीस हायस्कूल पूर्ण झाल्याचा पुरावा जोडणे या कामांत हायस्कूलच्या काउन्सेलर सहज मदत करतात. पहिल्या विभागासाठी, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या पातळीसाठी, १६ मान्य विषय आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते. एसएटीची अट २०२३ पासून उरलेली नाही. इथवर सगळ्यांना माहीत असते. ज्याकडे दुर्लक्ष होते तो नियम असा, की १६ पैकी १० विषय सातवे सत्र सुरू होण्यापूर्वी, म्हणजे बारावीचा वर्ग सुरू होण्याच्या आधी, पूर्ण झालेले असले पाहिजेत आणि त्या दहांपैकी ७ विषय इंग्रजी, गणित व विज्ञान यांतील हवेत. पालक हा नियम ‘हायस्कूल संपेपर्यंत सोळा’ असा वाचतात. बारावी सुरू झाल्यावर त्या दहा विषयांचे गुण विषय पुन्हा घेऊन वाढवता येत नाहीत, त्यामुळे हा हिशेब दहावीतच मांडावा.

भारतातून मध्येच आलेल्या मुलांच्या बाबतीत खरी अडचण नववीच्या गुणपत्रिकेची असते. एनसीएए नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाचे गुण मागते. आपल्याकडे दहावीची बोर्डाची गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवतात, आणि नववीची, ती शाळेचीच परीक्षा म्हणून, घर बदलताना रद्दीत जाते. नाशिकहून आलेल्या एका मुलासाठी त्याच्या मामांना जुन्या शाळेत चार वेळा जावे लागले. लेखनिकाने जुने रजिस्टर काढून हाताने लिहिलेली प्रत दिली, पण तिच्यावर मुख्याध्यापकांचा शिक्का अर्धाच उमटल्यामुळे ती पुन्हा करून घ्यावी लागली. प्रत मराठीत असल्यास तिचे ओळीस ओळ असे प्रमाणित इंग्रजी भाषांतरही जोडावे लागते. तेव्हा मूल भारतातून निघण्यापूर्वीच नववीची गुणपत्रिका शिक्क्यासह दोन प्रतींत मागून घ्यावी. याच संदर्भात आणखी एक सावधगिरीची सूचना आहे. नववी भारतात झालेली असताना अमेरिकी शाळेने मुलाला पुन्हा नववीत बसवले, तरी १६ विषय पूर्ण करण्यासाठी असलेल्या आठ सत्रांची, म्हणजे चार वर्षांची, मोजणी पहिल्यांदा नववीत प्रवेश घेतल्यापासून होते. ‘एक वर्ष जास्तीचे मिळाले’ या समजुतीत राहिलेल्या मुलांचे शेवटच्या वर्षातील विषय मोजणीबाहेर गेलेले मी पाहिले आहेत, आणि तोपर्यंत करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

विद्यापीठाला लेखी प्रस्ताव देता येतो तो बारावीच्या वर्षातील १ ऑगस्टपासून. त्याआधी फोनवर, मैदानावर किंवा जेवणाच्या टेबलावर सांगितलेला आकडा हा फक्त आकडा असतो. पूर्वीचे ‘नॅशनल लेटर ऑफ इन्टेन्ट’ हे विद्यापीठाशी बांधून घेणारे पत्र ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले असून आता आर्थिक साहाय्याच्या करारावर सही होते आणि उत्पन्नातील वाट्याचा करार स्वतंत्र असतो. हे दोन्ही कागद वेगवेगळे वाचावेत. मॅथ्यू स्लुका या क्वार्टरबॅकने २०२४ च्या हंगामात तीन सामन्यांनंतर नेवाडा विद्यापीठाचा लास वेगासचा संघ सोडला. १ लाख डॉलरचे तोंडी आश्वासन पाळले गेले नाही असे त्याच्या बाजूने सांगण्यात आले आणि विद्यापीठाने ते मान्य केले नाही. जेडन रशाडा या क्वार्टरबॅकने फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रशिक्षकांसह इतरांवर मे २०२४ मध्ये १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरच्या फसलेल्या करारावरून दावा लावला. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी शोधाव्यात : पैसे कोण देणार, मुलाला दुखापत झाल्यास किंवा प्रशिक्षक बदलल्यास काय होणार, आणि मुलाने विद्यापीठ सोडल्यास त्याला उलट किती रक्कम भरावी लागणार. तिसरे कलम बहुतेक पालक वाचतच नाहीत. वकिलाला दाखवण्यासाठी दोन दिवस मागितले म्हणून प्रस्ताव मागे घेण्याची भीती कोणी घातली, तर ती भीती हेच थांबण्याचे कारण समजावे.

बाहेरच्या कंपनीशी केलेला करार ६०० डॉलर किंवा त्याहून अधिक मूल्याचा असल्यास महाविद्यालयीन खेळाडूने तो ‘एनआयएल गो’ या डिलॉइट कंपनीने चालवलेल्या ऑनलाइन प्रणालीत नोंदवावा लागतो. एकाच देणाऱ्याकडून आलेल्या छोट्या रकमा एकत्र धरल्या जातात, त्यामुळे २०० डॉलरचे तीन करार करून सुटका होत नाही. मुदत कामकाजाच्या पाच दिवसांची असून ती करार ठरल्याच्या दिवसापासून मोजतात, पैसे खात्यात जमा झाल्यापासून नव्हे. जवळजवळ सगळ्या उशिरा आलेल्या नोंदींचे मूळ या गैरसमजात असते. करारामागे खरा व्यवसाय आहे का आणि रक्कम त्या कामाला साजेशी आहे का, हे तपासले जाते. म्हणून ‘प्रसिद्धीसाठी’ असे मोघम न लिहिता किती पोस्ट, किती कार्यक्रम, कोणत्या तारखांना, हे करारातच लिहून घ्यावे. हे उत्पन्न स्वयंरोजगाराचे धरले जाते. त्यावरचा कर कोणी कापून घेत नाही आणि गरजेवर आधारित आर्थिक साहाय्याच्या अर्जातही ते दाखवावे लागते.

आपल्या कुटुंबांसाठी सर्वांत कठीण प्रश्न व्हिसाचा आहे, आणि तो शेवटी विचारला जातो याचे मला फार वाईट वाटते. जन्माने किंवा नंतर नागरिक झालेल्या, अथवा ग्रीन कार्ड असलेल्या मुलांना काही अडचण नाही. मात्र आईवडिलांच्या एच-१बी वर आलेले, एच-४ वर असलेले मूल अमेरिकेत काम करू शकत नाही. एच-४ वर मिळणारा कामाचा परवाना ठरावीक परिस्थितीत फक्त पती किंवा पत्नीला मिळतो, मुलांना मिळत नाही. जाहिरातीसाठी छायाचित्र काढून पैसे घेणे हे कामच धरले जाण्याचा धोका आहे, आणि त्याची किंमत मुलाच्या पुढच्या ग्रीन कार्डच्या अर्जात मोजावी लागू शकते. एकविसाव्या वर्षी एच-४ संपून मुलाला एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागला तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण विद्यापीठाकडून थेट मिळणारा उत्पन्नाचा वाटा एफ-१ वर चालतो की नाही, याबद्दल सरकारने या खेळाडूंसाठी स्पष्ट नियम दिलेला नाही. अठरा वर्षांच्या मुलाला इतक्या अंधारात निर्णय घ्यायला लावणे हे सरकार आणि एनसीएए या दोघांनाही शोभणारे नाही. विद्यापीठाचे कम्प्लायन्स ऑफिस (खेळांचे नियम पाळले जातात का हे पाहणारे कार्यालय) आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडे बोट दाखवते, ते कार्यालय वकिलाकडे, आणि दरम्यान पाच दिवसांची मुदत चालूच राहते.

शिक्षणासाठीची स्कॉलरशिप मात्र एच-४ आणि एफ-१ या दोन्हींवर निर्धोकपणे घेता येते. म्हणून अशा मुलाच्या पालकांनी रोख रकमेऐवजी पूर्ण स्कॉलरशिपची मागणी आधी मांडावी. ग्रीन कार्डचा आय-४८५ हा अर्ज मुलाच्याही नावाने दाखल झालेला असेल, तर त्याच्यासाठी स्वतंत्र कामाचा परवाना मागता येतो; तो हाती येईपर्यंत कोणत्याही एनआयएल करारावर सही करू नये आणि कंपनीची भेटवस्तूही स्वीकारू नये. मुलाच्या व्हिसाचा प्रकार प्रशिक्षकांना पहिल्या भेटीतच सांगावा, आणि या व्हिसावर कोणती रक्कम कोणत्या स्वरूपात देता येईल याचे उत्तर १ ऑगस्टपूर्वी कम्प्लायन्स ऑफिसकडून ईमेलवर लेखी मागून घ्यावे.