कोलिस्टिनलाही न जुमानणारा क्लेबसिएला

क्लेबसिएला न्युमोनी हा जंतू तसा बऱ्याच लोकांच्या आतड्यात राहतो, कधी घशातही सापडतो, आणि धडधाकट माणसाला त्याचा सहसा काही त्रास नसतो. प्रश्न सुरू होतो तो आयसीयूत. तिथे पेशंटला व्हेंटिलेटरची नळी, लघवीची नळी, मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असं सगळं लावलेलं असतं आणि यातल्या कुठल्याही नळीवाटे हा जंतू फुप्फुसात, मूत्रमार्गात किंवा थेट रक्तात जाऊ शकतो. मग आधी सेफॅलोस्पोरिन गटातलं अँटिबायोटिक, ते चालेनासं झालं की मेरोपेनेम किंवा इमिपेनेम म्हणजे कार्बापेनेम गटातलं औषध, आणि तेही चालेना तर कोलिस्टिन, अशा पायऱ्या आपल्याकडच्या आयसीयूंत वर्षानुवर्षं ठरलेल्या आहेत. डॉक्टर नातेवाइकांना "हायर अँटिबायोटिक चालू केलंय" असं सांगतात तेव्हा बहुतेकदा यातलीच वरची पायरी गाठलेली असते. कोलिस्टिन ही शेवटची. तिथेही हा जंतू कसा तग धरायला लागला ते इथे सांगितलंय.

जुनं औषध परत का काढावं लागलं

कोलिस्टिन अजिबात नवीन नाही. १९४० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये मातीतल्या एका जंतूपासून ते मिळालं, पुढच्या दशकात वापरायला लागले, आणि १९७० नंतर ते मागे पडत गेलं कारण ते किडनीला आणि नसांना त्रास देतं आणि तोपर्यंत जास्त सुरक्षित अँटिबायोटिक्स आली होती. पुढे कार्बापेनेम आले (इमिपेनेमला अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली) आणि मग तर कोलिस्टिनची कुणाला आठवण यायचंही कारण उरलं नाही.

पण कार्बापेनेम फोडणारी एन्झाइम्स जंतूंमध्ये दिसायला लागली. केपीसी नावाचं एन्झाइम अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या १९९६ च्या नमुन्यात सापडलं, ओएक्सए-४८ तुर्कस्तानात २००१ मध्ये, आणि एनडीएम-१ हे २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या पेशंटच्या क्लेबसिएलात, जो आधी दिल्लीत ॲडमिट होता. एनडीएमबद्दल २०१० च्या ऑगस्टमध्ये 'लान्सेट' गटातल्या जर्नलमध्ये पेपर आला आणि आपल्याकडे मोठा वाद पेटला, देशाची बदनामी चाललीय वगैरे. पण त्याच्या काही महिने आधीच, मार्च २०१० मध्ये, मुंबईतल्या माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी भारतीय जर्नलमध्ये स्वतःहून लिहिलं होतं की २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात त्यांना मिळालेल्या २४ कार्बापेनेम-रेझिस्टंट (म्हणजे कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या) जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण बाहेरच्यांनी सांगायच्या आधी इथल्याच लॅबनी ते पाहिलं होतं आणि लपवलं नव्हतं.

एनडीएमचं जीन प्लाझमिडवर असतं. प्लाझमिड म्हणजे जंतूच्या मुख्य डीएनएपेक्षा वेगळं, छोटं, गोल डीएनए, जे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं, आणि दुसरा जंतू त्याच जातीचा असायलाच पाहिजे असंही नाही. आतड्यात ई. कोलाय आणि क्लेबसिएला शेजारी शेजारी राहतात, तिथे ही देवाणघेवाण आरामात होते आणि पेशंटला कळतही नाही. त्याच प्लाझमिडवर बऱ्याचदा इतर औषधांच्या रेझिस्टन्सची जीन्सही असतात, त्यामुळे जंतू एका फटक्यात चार-पाच औषधांना दाद देईनासा होतो. मग डॉक्टरांच्या हातात कोलिस्टिन सोडून फारसं काही उरेना, आणि ज्या औषधाला कपाटात ठेवलं होतं ते २००० नंतर आयसीयूत रोजचं झालं. रेझिस्टन्सची खरी सुरुवात माझ्या मते इथे आहे. शेवटचं म्हणून ठेवलेलं औषध रोज वापरायची वेळ आली की ते शेवटचं राहत नाही.

जंतू वाचतो कसा

कोलिस्टिनच्या रेणूवर पॉझिटिव्ह चार्ज असतो. क्लेबसिएलाच्या बाहेरच्या आवरणात लिपिड ए नावाचा भाग असतो, त्यावरच्या फॉस्फेटमुळे तिथे निगेटिव्ह चार्ज असतो आणि मॅग्नेशियम, कॅल्शियम हे त्या आवरणाला जोडून धरतात. कोलिस्टिन या मॅग्नेशियम-कॅल्शियमला बाजूला सारून स्वतः तिथे चिकटतं, आवरण फाटतं, आतलं बाहेर यायला लागतं, जंतू मरतो. म्हणजे सगळा खेळ चार्जचा.

तर जंतू काय करतो, तर तो चार्जच कमी करतो. लिपिड एला एक अमिनो-अराबिनोज साखर किंवा फॉस्फोइथेनॉलअमीन नावाचा तुकडा जोडतो, त्यामुळे निगेटिव्ह चार्ज घटतो आणि कोलिस्टिनला पकडायला जागा राहत नाही. ही साखर जोडायची यंत्रणा क्लेबसिएलाकडे आधीपासूनच असते, बाहेरून आणावी लागत नाही, फक्त ती एरवी बंद असते. तिला बंद ठेवणारं एक छोटंसं प्रोटीन आहे, एमजीआरबी, जेमतेम ४७ अमिनो ॲसिडचं. हे प्रोटीन म्हणजे ब्रेक समजा. त्याचं जीन बिघडलं की ब्रेक सुटतो आणि यंत्रणा कायमची चालू राहते. बिघडायला फार काही लागत नाही, एखादं अक्षर बदलून प्रोटीन अर्धवट राहतं, किंवा डीएनएचा एखादा उडी मारणारा तुकडा बरोबर त्या जीनच्या मध्ये जाऊन बसतो. भारतातल्या हॉस्पिटलांमधल्या कोलिस्टिन-रेझिस्टंट क्लेबसिएलात बहुतेक वेळा हाच बिघाड सापडतो.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट, याची जंतूला फारशी किंमत मोजावी लागत नाही. ॲसिनेटोबॅक्टर नावाचा आयसीयूतला दुसरा जंतू कधीकधी आवरणातला तो अख्खा भागच सोडून देऊन कोलिस्टिनपासून वाचतो, पण त्यात तो कमकुवत होतो. एमजीआरबी बिघडलेला क्लेबसिएला मात्र जवळपास आधीसारखाच वाढतो, म्हणून औषध बंद केलं की तो आपोआप मागे हटेल याची खात्री देता येत नाही.

एकाच पेशंटमध्ये, उपचार चालू असताना

हा बदल बऱ्याचदा बाहेरून येत नाही तर त्याच बेडवर घडतो. एका पेशंटच्या शरीरात कोट्यवधी क्लेबसिएला असतात, त्यातले थोडेसे आधीपासूनच किंचित वेगळे असतात आणि रिपोर्टमध्ये ते दिसत नाहीत. कोलिस्टिन सुरू केलं की बाकीचे मरतात, हे थोडे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात.

डोसचाही यात हात आहे. सलाइनमधून देतात ते थेट कोलिस्टिन नसतं, कोलिस्टिमिथेट असतं, आणि शरीरात गेल्यावर त्याचं हळूहळू कोलिस्टिन बनतं. सुरुवातीला मोठा लोडिंग डोस (साधारण ९ मिलियन युनिट) दिला नाही तर पहिला एक-दोन दिवस रक्तातलं प्रमाण अपुरं राहतं, आणि अपुरं औषध म्हणजे त्या थोड्या उरलेल्यांना सराव करायची संधी. उलट डोस वाढवावा तर किडनीची भीती, कारण हे पेशंट आधीच नाजूक असतात, किडनी कशी चाललीय ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन रोज बघावं लागतं. फुप्फुसात तर शिरेतून दिलेलं कोलिस्टिन नीट पोचतही नाही. डॉक्टर निष्काळजी म्हणून असं होतं असं सरसकट म्हणणं अन्यायाचं आहे, औषधच असं अडचणीचं आहे.

डुकरं, कोंबड्या आणि एमसीआर-१

२०१५ पर्यंत एक दिलासा होता, की कोलिस्टिनचा रेझिस्टन्स जंतूच्या स्वतःच्या डीएनएतला बदल असतो, तो प्लाझमिडवरून पसरत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनच्या संशोधकांनी एमसीआर-१ जाहीर केलं, आणि तो दिलासा संपला. हे जीन प्लाझमिडवर असतं आणि ते लिपिड एला फॉस्फोइथेनॉलअमीन जोडतं. पहिल्यांदा ते शांघायच्या एका डुकराच्या ई. कोलायमध्ये मिळालं, मग शोधल्यावर कत्तलखान्यातल्या ८०४ जनावरांपैकी १६६ मध्ये, मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये आणि हॉस्पिटलच्या १,३२२ पेशंट्सपैकी १६ मध्ये. आकडे बघितले की दिशा कळते, जनावरांकडून माणसांकडे. कारण तिथे कोलिस्टिन जनावरांचं वजन वाढावं म्हणून खाद्यात घालत होते, आजारी नसलेल्या जनावरांना. चीनने २०१७ मध्ये खाद्यातला हा वापर बंद केला आणि त्यानंतर तिथे एमसीआर-१ चं प्रमाण खरंच खाली आलं.

भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, पोल्ट्रीत आणि खाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली. चांगलं झालं, पण उशीर झाला. आपल्या हॉस्पिटलांतल्या क्लेबसिएलात एमसीआर-१ त्या मानाने कमी दिसतं, इथे मुख्य दोष एमजीआरबीच्या बिघाडाचा आहे, म्हणजे नुसती पोल्ट्रीवर बंदी घालून आयसीयूतला प्रश्न सुटणारा नाही.

एका बेडवरून दुसऱ्या बेडवर

एका पेशंटमध्ये तयार झालेला जंतू तिथेच राहिला असता तर प्रश्न इतका मोठा झाला नसता. अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच (तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था) क्लिनिकल सेंटरमध्ये जून २०११ मध्ये न्यूयॉर्कहून केपीसी क्लेबसिएला असलेली एक पेशंट आली. तिला वेगळं ठेवलं, काळजी घेतली, ती बरी होऊन घरी गेली, आणि काही आठवड्यांनी दुसरा पेशंट पॉझिटिव्ह, मग तिसरा. एकूण १८ जणांमध्ये पसरला, त्यातले ११ गेले आणि त्यातल्या ६ जणांचा मृत्यू थेट या जंतूमुळे. जंतूंचं जिनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचल्यावर कळलं की सगळ्यांचं मूळ त्या पहिल्या पेशंटकडेच जातं. सिंकच्या ड्रेनमध्ये तो होता, स्वच्छ केलेल्या व्हेंटिलेटरवरही होता. मधल्या काही लोकांच्या आतड्यात तो गुपचूप राहिला, लक्षण काही नाही, म्हणून नेहमीच्या तपासणीत सापडलाच नाही. रेक्टल स्वॅबचं स्क्रीनिंग (गुदद्वारातून नमुना घेऊन तपासणी) यासाठीच करतात, आणि आपल्याकडे कित्येक ठिकाणी खर्चामुळे ते होत नाही.

२०१६ मध्ये नेव्हाडात सत्तरीतली एक पेशंट वारली, तिला भारतात मांडीचं हाड मोडल्यानंतर इथल्या हॉस्पिटलांत बऱ्याचदा राहावं लागलं होतं. तिच्या क्लेबसिएलात एनडीएम होतं आणि अमेरिकेत मिळणाऱ्या २६ अँटिबायोटिक्सपैकी एकही लागू पडलं नाही. एमसीआर-१ मात्र नव्हतं.

रिपोर्ट वाचताना

कोलिस्टिनची तपासणी अवघड आहे. रेणू मोठा असल्यामुळे प्लेटवरच्या चकतीतून तो नीट पसरत नाही, म्हणून नेहमीची डिस्क पद्धत चुकीचं उत्तर देते आणि रेझिस्टंट जंतूही सेन्सिटिव्ह, म्हणजे औषधाने मरणारा, दिसू शकतो. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (औषधाचं प्रमाण कमी-जास्त केलेल्या द्रवात जंतू वाढतो का ते बघणं) ही भरवशाची पद्धत, पण ती वेळखाऊ आहे आणि प्रत्येक लॅबमध्ये नसते. अशा तपासण्यांचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सीएलएसआय संस्थेने तर २०२० पासून कोलिस्टिनसाठी 'एस' (सेन्सिटिव्ह) ही श्रेणीच काढून टाकली. त्यामुळे रिपोर्टवर कोलिस्टिनपुढे 'आय' (इंटरमिजिएट, म्हणजे मधली श्रेणी) दिसलं की नातेवाईक घाबरतात, तर त्याचा अर्थ जंतू रेझिस्टंट झालाय असा नाही, या औषधाला त्या नियमांत यापेक्षा वरची श्रेणीच नाही.

सध्या एनडीएमवाल्या क्लेबसिएलावर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि ॲझ्ट्रिओनॅम ही औषधं एकत्र देतात. एनडीएम ॲझ्ट्रिओनॅमला फोडू शकत नाही, त्याला फोडणाऱ्या बाकीच्या एन्झाइम्सना अविबॅक्टम अडवतं, अशी ती जोडी काम करते, आणि कोलिस्टिनपेक्षा किडनीला पुष्कळ बरी. महागडी मात्र आहे. वोकहार्ट या मुंबईच्या कंपनीच्या झिडेबॅक्टम या औषधावर सेफेपिम या अँटिबायोटिकसोबत तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्या झाल्या आहेत, आणि एनडीएम असलेल्या जंतूंवरही ती जोडी चालते.